लाल रेघेखालचे सैल बोल्ट

दुसऱ्याच्या सांगण्यावरून तुम्ही कधी एखाद्याला चारचौघांत बदमाश ठरवलं आहे का? मी ठरवलं आहे. छापून ठरवलं आहे, आणि तो कागद गिरणीच्या गेटपासून चाळींच्या नळांपर्यंत स्वतःच्या देखरेखीखाली वाटला आहे.

मी पत्रकांवरच वाढलो. वडील छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवायचे आणि बिघडलेल्या प्रती घरी आणायचे. बाराखडी पुरी होण्याआधी मला ‘कामगार बंधूंनो’ वाचता येत होतं. पुढे अण्णांनी मला संघटनेत नेलं. अण्णा गिरणीत फिटर. मूळचे अक्कलकोटकडचे, घरात कानडी, बाहेर मराठी. माझ्या नात्यातले नव्हते, पण सगळं खातं त्यांना अण्णाच म्हणायचं. मी लिहिलेलं पहिलं पत्रक त्यांनी माझ्यासमोर फाडलं. त्यात मी लिहिलं होतं की मॅनेजर दारू पिऊन कामावर येतो.

“तू बघितलास?”

“सगळेच म्हणतात, अण्णा.”

“मग सगळ्यास्नी खाली सही करायला बोलाव की!”

त्या दिवसापासून, न पाहिलेली ओळ लिहायची नाही, हा माझा धर्म झाला.

अण्णांच्या खात्याची एक पद्धत होती. बोल्ट आवळून झाला की फिटर नटावरून खालच्या लोखंडापर्यंत लाल रंगाची बारीक रेघ ओढायचा. नट जरा फिरला तरी रेघ तुटायची आणि लांबून कळायचं. ज्यानं आवळलं त्यानंच रेघ ओढायची. आणि दुसऱ्याच्या रेघेवर कोणी पाना लावायचा नाही. लावणं म्हणजे त्या माणसाला तोंडावर खोटा म्हणणं. त्यावरून खात्यात गचांड्या धरलेल्या मी पाहिल्या आहेत.

गिरणीचा संप लांबला तेव्हा निम्मे कामगार आपापल्या गावी गेले. मंगळवेढ्याकडे ज्वारीची काढणी चालू होती, तिथं चार दिवसांची मजुरी मिळत होती. मागे सोलापुरात रोज नवी हूल उठायची की संप फुटला, लोक कामावर जायला लागले. खरी बातमी गावोगाव पोचवायला हवी होती. म्हणून संघटनेनं मोटारसायकल घेतली. आमच्यात ती चालवता येणारा मी एकटाच होतो.

गाडी आणायला अण्णा आणि मी एजन्सीत गेलो. नवी गाडी खोक्यातून यायची. चाकं, हँडल, मडगार्ड एजन्सीचा मिस्त्री बसवायचा. तो चाळिशीचा, दाढीत पांढरे केस आलेला माणूस होता. मी आत कागदांवर सह्या करत असताना अण्णा बाहेर त्याच्याशी काहीतरी बोलत होते. काय ते मला ऐकू आलं नाही. विचारावं असंही वाटलं नाही.

संघटनेच्या कार्यालयात पूजेची तयारी झाली होती. झेंडूचा हार, चाकांखाली ठेवायला लिंबं, आणि खुर्चीवर घड्याळ बघत बसलेले आमचे पुढारी. अण्णा म्हणाले, “धा मिंटं थांबा, बोल्ट बघून घेतो.” गाडी मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये गेली. अण्णा परत आले ते हातात ब्रश घेऊन. गाडीवर जागोजाग लाल रेघा. लोकांनी टाळ्या वाजवल्या. कुणीतरी ओरडलं, “आता शोभती आमच्या गिरणीची पोरगी!” नारळ फुटला. मला तर भरून आलं होतं.

दुसऱ्या दिवशी उजाडता मी मंगळवेढ्याच्या रस्त्याला लागलो. वीसेक मैल झाले असतील. पुढच्या मडगार्डचा बोल्ट कुठंतरी गळून पडला, मडगार्ड फिरून चाकात अडकलं, आणि मी रस्त्याकडेच्या ज्वारीत जाऊन पडलो. डाव्या खांद्याचं हाड मोडलं. काढणीला आलेल्या दोघीजणींनी मला उचलून बसवलं आणि मग उडालेली पत्रकं गोळा केली. एक म्हणाली, “आमास्नी वाचाय येत न्हाय बाबा, पर तू मेलास तर कुनालातरी द्याया जपून ठेवतो.” एवढ्या दुखण्यातही मला हसू आलं.

संध्याकाळी अण्णा दवाखान्यात आले. डोळे लाल होते. माझा हात धरून म्हणाले, “सगळे बोल्ट म्या माज्या हातानं आवळलेत रं. त्या मिस्त्रीनं बसवतानाच कायतरी करून ठेवलंय. गिरणीमालकाचा माणूस हाय त्यो.”

‘तुम्ही बघितलंत?’ एवढंच विचारायचं होतं. त्यांनीच शिकवलेला प्रश्न. मी तो विचारला नाही. त्यांच्या रेघेवर पाना लावायची माझी छाती झाली नाही. मी त्याच खाटेवर, उजव्या हातानं, खांदा ठणकत असताना पत्रक लिहिलं. मालकानं एजन्सीचा मिस्त्री विकत घेऊन आमच्या जिवावर घाव घातला, असा तिसरा परिच्छेद होता. माझ्या आजवरच्या लिखाणातला सगळ्यात धारदार. तो वाचून शंभरभर लोक एजन्सीपुढे जाऊन उभे राहिले. चौथ्या दिवशी एजन्सीच्या मालकानं मिस्त्रीला काढून टाकलं.

मी घरी आल्यावर मिस्त्री मला भेटायला आला. धुतलेला शर्ट घालून आला होता. मला वाटलं, आता शिव्या देईल. त्यानं आधी विचारलं, “भाई, पट्टी कब निकालते?” मग म्हणाला, “तुमच्या फिटरसाबकू मैं बोल्या था. बोल्ट सिर्फ हात से बैठाये हैं, पाने से कसने का काम कल सुबू करतूं, आज मत लेके जाव. उनो बोले, पूजा का टैम हो रा, मैं खुद कस लेतूं. गिरणी का फिटर, मेरे से जास्ती जानता. मैं चाबी दे दिया.” आणि शेवटी म्हणाला, “अब गिरणीमालक के वो पैसे किधर हैं, जरा तुमच बताव. घर में बीवी भी रोज पूछ री.”

मी त्याला बस म्हटलं नाही, चहा विचारला नाही. गळ्यात हात अडकवलेला तसाच कार्यालयात गेलो. पडलेली गाडी परत आणून मागच्या शेडमध्ये ठेवली होती. मी मुद्दाम असा नट निवडला ज्याची रेघ अखंड होती. इंजिनाखालचा. दोन बोटांनी फिरवला. तो फिरला. वाळलेला रंग पापडासारखा तडकला. मग दुसरा. मग सायलेन्सरचा. नट मागाहून सैल झाला असता तर रेघ आधीच तुटली असती. रेघ सरळ होती आणि नट सैल होता. म्हणजे रेघ सैल नटावरच ओढली होती. पाना लागलाच नव्हता.

अण्णा बाहेर बाकावर बसले होते. मी बोटांना लागलेला लाल रंग त्यांना दाखवला.

“पुढारी बसले हुते,” ते म्हणाले. “तासाभराचं काम. म्हटलं, सकाळी येऊन आवळतो. तर तू पाटंच निगालास.”

“आणि दवाखान्यात काय बोललात?”

“वीस वर्सात माजी एक रेग तुटली न्हवती रं.”

“मिस्त्रीची नोकरी गेली, अण्णा.”

“मिस्त्रीला काय, कुटंबी काम मिळंल. पर आता तू खरं छापलंस तर संप मोडंल. व्हय की न्हाय, तूच सांग.”

माझ्याच तोंडून त्यांना हो हवं होतं. ते सगळ्यात जास्त लागलं, पडण्यापेक्षाही. गिरणीमालकानं मला फसवलं असतं तर त्याच्यावर मी एका बैठकीत चार पत्रकं लिहिली असती. ज्यानं मला पत्रक लिहायला शिकवलं त्याच्यावर काय लिहायचं? कमिटीत मी खुलासा छापा म्हणून भांडलो. म्हणाले, संप संपू दे. संप संपला, तेव्हा म्हणाले, आता जुनं कशाला उकरतोस, अण्णांचं वय बघ. मी राजीनामा दिला. अण्णांनी तो वाचला आणि शुद्धलेखनाची एक चूक दाखवून परत दिला. मी चूक दुरुस्त केली आणि पुन्हा दिला.

मिस्त्रीला कोणी काम दिलं नाही. मालकाकडून पैसे खाल्लेला माणूस, हे माझे शब्द होते आणि ते लोकांच्या पक्के ध्यानात राहिले. तो आता विजापूर वेशीच्या अलीकडे सायकलींची पंक्चरं काढतो. त्याला परत कामावर घ्या म्हणून सांगायला मी एजन्सीच्या मालकाकडे दोनदा जाऊन आलो. तो म्हणाला, “तेव्हा शंभरजण आले होते. आज तू एकटा आलास.”

बरोबर बोलला. म्हणून हे तुम्हाला सांगतो आहे. ते पत्रक पिवळ्या कागदावर होतं आणि सोलापुरातल्या पुष्कळ घरांत अजून असेल. तुमच्याकडे असलं तर त्यातला तिसरा परिच्छेद शाईनं खोडा. शेजारी लिहा की हे खोटं आहे, लिहिणाऱ्यानं तपासलं नव्हतं. खाली स्वतःची सही करा, आणि तो कागद घेऊन स्वतःच्या पायांनी त्या एजन्सीत जा.