कोपऱ्यातली घोंगडी

स्वातंत्र्याच्या पन्नाशीला आमच्या पेठेतल्या मंडळाने स्मरणिका काढायचं ठरवलं आणि सासऱ्यांच्या आठवणी टाइप करायचं काम माझ्या गळ्यात पडलं. मी सॉफ्टवेअर कंपनीत, घरी नवाकोरा कॉम्प्युटर. नाही म्हणायची सोयच नव्हती.

सासरे बेचाळीसच्या चळवळीतले. खुर्चीत ताठ बसून ते सांगू लागले, "पोलिसांनी घर पिंजून काढलं, पण दैवकृपेने आमची पत्रकं सापडली नाहीत."

"दैव कसलं? मी बसले होते त्यांच्यावर," मटार सोलता सोलता सासूबाई म्हणाल्या.

त्या काळी बायका महिन्याचे चार दिवस बाजूला बसत. झडती येणार कळताच सासूबाई पत्रकं घेऊन कोपऱ्यात गेल्या आणि त्यांवर घोंगडी अंथरून बसल्या. विटाळ नको म्हणून जमादार लांबूनच मागे फिरला. सासऱ्यांना हे माहीत नव्हतं. पंचावन्न वर्षं! मी कीबोर्डवरचे हात काढून घेतले.

सासरे खाकरले आणि पुढचं सांगू लागले. पुढे ते येरवड्याच्या तुरुंगात होते, तेव्हा चोरून एक पत्रक आत आलं. माफी लिहून सुटायच्या बेतात असलेले सगळे ते वाचून थांबले. कुणी लिहिलं, कधीच कळलं नाही. ते त्यांना अजून तोंडपाठ होतं. "आमची काळजी करून सही करू नका. चूल आम्ही..."

"...पेटती ठेवू, तुम्ही मान ताठ ठेवा," सासूबाईंनी वाक्य पुरं केलं. "कोपऱ्यात कुणी फिरकत नसे, तिथे बसून लिहीत होते. त्या वर्षी महिन्यातून तीन-तीनदा बाजूला बसले. माझ्या सासूबाई मला वैद्याकडे न्यायला निघाल्या होत्या."

सासरे पांढरेफटक पडले. "मला बोलली का नाहीस?"

"अहो, तुम्ही विचारलंत कधी?"

मला तर रडूच फुटलं. मी भराभर सगळं टाइप केलं, पत्रकाखाली सासूबाईंचं नाव घातलं. सासऱ्यांनी कागद दोनदा वाचला. मग म्हणाले, "विटाळाचं कुणी छापतं का? चारचौघांत घरची शोभा व्हायची. काढ ते, नावसुद्धा."

मी सासूबाईंकडे पाहिलं. त्या मटाराच्या शेंगांकडे पाहत होत्या. नाव राहावं असं त्यांना वाटत होतं, हे मला स्वच्छ दिसलं. तरीही मी सासऱ्यांपुढे बोलले नाही.

स्मरणिका अजून कपाटात आहे. त्या पत्रकाखाली छापलंय, 'लेखक अज्ञात'. ते दोन शब्द मी टाइप केले.