सुळक्यावरचं हसू

पुतण्यानं जंगलातून पिकलेली टेंभरं आणली आणि त्या गोडसर वासानं मला पंचावन्न सालचा चैत्र आठवला. नवं लग्न होतं. हे मूल गावच्या भातगिरणीत कामाला, मी गडचिरोलीकडच्या जंगलातली. माहेरी आलो तेव्हा मी हट्टानं यांना आमच्या डोंगराच्या सुळक्यावर नेलं.

शेवटचा कडा हातापायांनी चढायचा. दगड तापलेला, दोन्हीकडे खोल दरी. मी सवयीनं सरसर वर गेले. हे मध्येच एका खाचेत, दगडाला छाती लावून थांबले.

"या ना! काऊन भेता?"

"मले नाई जमत. तू पाहून ये."

मी वरून मोठ्यानं हसले. घरी सगळ्यांना नक्कलही करून दाखवली. सगळे हसले, हेही हसले. पण यांचे कान लाल झाले होते. पुढं ते माझ्या माहेरी कधी मुक्कामाला आले नाहीत. मीही कारण विचारलं नाही.

ते जाऊन सहा वर्षं झाली. आता जिना उतरताना माझे पाय कापतात, तेव्हा कळतं, एवढी भीती पोटात घेऊन तो माणूस केवळ माझ्या हौसेपायी त्या खाचेपर्यंत चढला होता. 'माझ्यासाठी तिथवर आलात', एवढं तरी एकदा त्यांना म्हणायला हवं होतं.