वल्ह्यांची गाडी

देवाने माणसाला डावा पाय दिला तो केवळ क्लच दाबण्यासाठी, यावर आमच्या भावोजींइतकी अढळ श्रद्धा असलेला दुसरा माणूस या समुद्रकाठावर झाला नसेल. उजव्या पायाबद्दल त्यांचं मत फारसं बरं नव्हतं. तो उतावळा, नुसती पुढे जायची घाई करणारा. अक्कल असते ती डाव्यात, असं ते म्हणत. भावोजी म्हणजे माझ्या नणंदेचे यजमान. लहानपण तोंडवलीला घरच्या होडीत वल्ही मारण्यात गेलं, तारुण्य मोठ्या बोटींच्या इंजिनखात्यात, आणि निवृत्त होऊन गावी परतले ते एका लाल, आखूड, मागून सुरीने कापल्यासारख्या दिसणाऱ्या छोट्या गाडीसकट. अठ्ठ्याण्णव साल असेल. गाडी जुनी होती, पण भावोजींनी तिला रुंद टायर घातले, सायलेन्सर बदलला, इंजिनाच्या पोटात हात घालून काय काय केलं ते त्यांचं त्यांनाच ठाऊक. परिणाम एवढाच झाला, की ते मालवणच्या बाजारातून निघाले की तोंडवलीला आवाज ऐकून वन्सं चहाचं आधण ठेवत.

गियरच्या दांड्यावरची मूठ त्यांनी स्वतः शिसवी लाकडाची घडवली होती. तिला खोबरेल तेल लागायचं, तेही घाण्याचं. त्या मुठीला दुसऱ्या कुणाचा हात लागता कामा नये. एकदा वन्संनी देवळातून येताना प्रसादाचा नारळ दांड्याला टेकवून ठेवला, तर भावोजींनी गाडी थांबवली, नारळ उचलून वन्संच्या मांडीवर ठेवला आणि म्हणाले, "देवाक सांग, हयसर माजी जागा." माणसाची परीक्षा ते गियर बदलण्यावरून करत. एसटी स्टँडसमोरच्या हॉटेलात बसले की डोळे मिटून गाड्यांचे आवाज ऐकायचे. चढावर एखाद्या ड्रायव्हरने खटका न लावता दुसरा टाकला की "व्वा!" म्हणून मान डोलवत, आणि कुणी दात कराकरा वाजवले की चहाचा कप खाली ठेवून खरोखर कळवळत. लेकीसाठी स्थळ बघायला गेले तेव्हा मुलाचं शिक्षण, पगार वगैरे वन्संनी विचारलं, भावोजी त्याच्याबरोबर गाडीतून एक फेरी मारून आले आणि म्हणाले, "बरो आसा. उतारार न्यूट्रल करणा नाय."

त्या काळात मला भारीच शिंगं फुटली होती! पन्नाशीला टेकले होते, केस कापून घेतले होते, आणि आपण गाडी शिकायची असं ठरवून सगळ्या वाडीला सांगूनही बसले होते. गॉगल आधी घेतला, गाडी नंतर. भावोजींनी मला तारकर्लीच्या सरळ रस्त्यावर नेलं. मी क्लच सोडला आणि गाडीने बेडकासारखी अशी उडी मारली, की कडेला जाळी विणत बसलेली माणसं जाळ्यांसकट उठून उभी राहिली. भावोजी शांतपणे म्हणाले, "वैनीनू, क्लच म्हणजे दाराची कडी न्हय, काढली की झाला. सासरच्या माणसावरचो राग कसो सोडतास? तसो सोडूचो, वायच वायच." मी म्हटलं, "भावोजी, तो मी अजून सोडूकच नाय." ते इतके हसले की शिकवणी तिथेच संपली. गॉगल मात्र मी पुढे बरीच वर्षं वापरला. बसमध्ये.

त्यांच्या शेजारी बसणं हे माझ्या जिवाला लागलेलं एक लचांड होतं. मला गाडी लागते म्हणून पुढची सीट माझी, आणि पुढची सीट माझी म्हणून येणारं प्रत्येक वळण, म्हैस, सायकलवाला आधी माझ्या अंगावर. मी तोंडाने रामरक्षा म्हणायची आणि पायाने नसलेला ब्रेक दाबायची. पण त्यामुळेच ती गोष्ट सगळ्यांत आधी मला दिसली. दोन हजार नऊच्या दिवाळीत आम्ही कुडाळहून येत होतो. चौक्याच्या चढावर गियर बदलताना भावोजींचा डावा हात दांड्याकडे न जाता आधी गुडघ्यावर गेला. हाताने गुडघा दाबला, गुडघ्याने क्लच दाबला, मग हात दांड्यावर. तेवढ्यात गाडी गचकली. अकरा वर्षांत मी त्या गाडीला गचकताना पाहिलं नव्हतं, म्हणजे मी चालवत नसताना. मी त्यांच्याकडे बघितलं. ते समोर बघत म्हणाले, "वैनी, तुमी काय्येक बघूक नाय."

मी कुणाला बोलले नाही, पण पुढच्या प्रत्येक फेरीत रस्ता सोडून त्यांच्या गुडघ्याकडेच बघत बसले. कारण प्रश्न नुसत्या गुडघ्याचा नव्हता. त्यांचं घर तोंडवलीच्या अगदी टोकाला, सुरूच्या बनाजवळ. बस धरायची तर बरंच चालायचं. वन्संना दमा. तो उठला की मालवणच्या डॉक्टरांकडे पोचवणारा माणूस एकच, आणि तो या डाव्या पायावर उभा. लेकीने पुण्याहून कधीचंच सांगून ठेवलं होतं, "बाबा, ज्या दिवशी गाडी बंद, त्या दिवशी तोंडवली बंद. दोघांनी इकडे यायचं." आणि पुण्याच्या तिसऱ्या मजल्यावर, गाड्यांचे आवाज ऐकण्याऐवजी सिग्नल मोजत बसलेले भावोजी माझ्या डोळ्यांपुढे येईनात. वन्सं तर म्हणायच्या, "मी थंय दम्यान मरूचंय नाय, गॅलरीत बसून मरान."

पुढच्या उन्हाळ्यात अधिक महिना आला. जावयाला वाण द्यायचा महिना. लेक-जावई आले ते एका नव्या गाडीतून: निळी, ठेंगणी, मागून कापलेलीच, पण डोळे वटारलेली. जावई गाडीवेडा. खुशालीचा म्हणून केलेला त्याचा फोन गियरबॉक्सवर यायला दोन मिनिटं लागत नसत, आणि मग सासरा-जावई तासभर भांडत. आता भांडणाचा मुद्दाच दारात उभा राहिला. या गाडीला क्लच नव्हता. स्टिअरिंगच्या मागे दोन बाजूंना दोन छोटी पाती होती. उजवं ओढलं की वरचा गियर, डावं ओढलं की खालचा.

"याला पॅडल शिफ्ट म्हणतात," जावई म्हणाला.

"पेडवे?" वन्सं आतून ओरडल्या. "पेडवे कोणी हाडल्यान? आज तर मी सुरमय केलंय!"

"पॅडल, आई. पॅडल म्हणजे वल्हं."

झालं. संध्याकाळपर्यंत वाडीभर तिचं नाव 'वल्ह्यांची गाडी' पडलं. ओट्यावर वाद रंगला. जावई म्हणाला, "बाबा, दोन्ही हात स्टिअरिंगवर, बोट हललं की गियर बदलला. तुमचा हात दांड्यापर्यंत पोचेपर्यंत मी वळणाबाहेर." भावोजी म्हणाले, "पोचशील रे. पण वळण तुका भेटला काय? गाडीन गियर बदलल्यान, तू नुसती चिठ्ठी पाठवलंस. काटे काढून दिलेलो मासो खातत तसा ह्या. पोट भरता, पण खाल्लय कोणी?" जावई म्हणाला, "घशात काटा अडकून दवाखान्यात जाण्यापेक्षा बरं." भावोजी म्हणाले, "ज्याका काटो काढूक येणा नाय, तेणा भाजी खावची." मी मधेच म्हटलं, मला तर काटे काढलेलाच आवडतो. दोघांनी माझ्याकडे असं पाहिलं, की मी उठून आत ताटं घ्यायला गेले.

हसण्यावारी चाललं होतं, पण लेकीचं लक्ष वादाकडे नव्हतं. ती बापाला ओट्याच्या पायऱ्या उतरताना बघत होती. जेवण झाल्यावर तिने सरळच सांगितलं. गुडघ्याचं तिला कळलं होतं. लाल गाडी आता चालवायची नाही. ही निळी इथेच राहील; पुण्यात ती नुसती सिग्नलला उभी असते. बाबांनी ती आंबोलीपर्यंत नेऊन आणून दाखवली तर ठीक, नाहीतर सामान बांधायला घ्यायचं. भावोजींचा चेहरा पाहवेना. ते म्हणाले, "अधिक महिन्यात सासऱ्यान जावयाक वाण द्यायचा. जावयाची गाडी मी घेवची?" जावई म्हणाला, "वाण म्हणून मला लाल गाडीतली ती शिसवी मूठ द्या." हे ऐकून तर ते जेवणावरचं पाणीही न पिता उठले. मूठ काही दिली नाही. पण दुसऱ्या दिवसापासून कातळाच्या सड्यावरच्या मोकळ्या रस्त्यावर निळ्या गाडीच्या फेऱ्या सुरू झाल्या.

आंबोलीला निघालो त्या सकाळी मी दोनदा देवापुढे दिवा लावला. भावोजी चालवायला, शेजारी मी, मागे लेक-जावई. वन्सं घरी राहिल्या, म्हणाल्या, "मी येऊन देवाचा काम वाढवणा नाय." चढताना सगळं सुरळीत झालं. उजवं पातं, डावं पातं, गाडी गुरगुरत वर गेली. जावई मागून "वा बाबा!" म्हणत होता आणि लेकीने आंबोलीच्या टपरीवर चहा घेताना पहिल्यांदा बापाच्या खांद्यावर हात ठेवला. मला वाटलं, सुटलो.

घाट उतरताना ते वळण आलं. डावीकडचं, वाकून मागे जाणारं, समोर दरी. गाडी वेगात होती आणि समोरून एक ट्रक वर येत होता. भावोजींनी गियर खाली घ्यायला हवा होता, म्हणजे डावं पातं. मी त्यांच्या बोटांकडेच बघत होते. डावं बोट हललंच नाही. उजव्या हाताने उजवं पातं असं ओढलं, खांद्यापासून, सगळं अंग मागे टाकून, आणि गाडी आखडायची सोडून मोकळी सुटली. मी रामरक्षेतला एकच शब्द म्हणत राहिले, कुठला ते आठवत नाही. त्यांनी ब्रेकवर पाय दिला, गाडी कठड्यापाशी जाऊन थांबली. कठड्यावर माकडं बसली होती. त्यांतलं एक जरा सरकलं, बाकीच्यांनी तेवढेही कष्ट घेतले नाहीत.

मागून लेक म्हणाली, "बाबा, किल्ली द्या." आवाज चढलेला नव्हता, म्हणूनच भीती वाटली.

भावोजी आपल्या उजव्या हाताकडे बघत होते. "डावीकडे वळूचा तर उजवा वल्हा ओढतत गो," ते हळूच म्हणाले. "तुज्या आज्यान माका तसाच शिकवल्यान. खाडीत."

साठ वर्षांपूर्वी होडीत बसलेल्या पोराला एवढं अचूक आठवलं होतं, आणि ते इथे, या घाटात, चुकीचं ठरलं होतं. त्यांनी किल्ली काढली. मागे हात केला. आणि मी, बारा वर्षं देवाला "यांची गाडी एकदा बंद होऊ दे" असं विनवणारी मी, तो हात मधेच धरून म्हणाले, "खाली यांनीच न्यायची. मी पुढेच बसणार." लेक म्हणाली, "मामी, तुझे पाय कापतायत." मी म्हटलं, "ते कापू देत. गाडी मी नाही चालवत."

जावई तोपर्यंत विचार करत होता. तो पुढे वाकला आणि आपल्या सगळ्या हौशीवर पाणी सोडून म्हणाला, "बाबा, वल्ही आत घ्या. शीड लावा." ती पाती विसरायची, उताराला मधला दांडा एकदा खाली ओढून ठेवला, की गाडी आपली आपण वेग आखडून धरते, माणसाने फक्त सुकाणू सांभाळायचं. भावोजींनी वळून त्याच्याकडे बघितलं. म्हणजे हातातला गियर गेला आणि बोटातलाही गेला. वादात दोघेही हरले. "शीड," ते म्हणाले. "ह्या आधी सांगूचा नाय?" आणि त्यांनी दांडा खाली ओढला. सावंतवाडी येईपर्यंत मी श्वास धरून होते. तोंडवलीला पोचल्यावर लेकीने आईला विचारलं, उद्या मासळी कुठली आणायची. पुण्याचं नाव निघालं नाही.

पुढची बरीच वर्षं निळ्या गाडीने वन्संना डॉक्टरांकडे नेलं-आणलं. भावोजी ती नीट चालवत, न बोलता, बँकेत रांगेत उभं राहावं तसे. स्टँडसमोरच्या हॉटेलात ते पूर्वीसारखेच बसत. मात्र स्वतः तिथून निघताना कुणाकडे बघत नसत. लाल गाडी अंगणात उंडीच्या झाडाखाली उभी राहिली. टायर बसले, बॅटरी मेली. एका संध्याकाळी मी गेले तर वन्सं झोपल्या होत्या आणि भावोजी त्या बंद गाडीत बसले होते. मला बघून त्यांनी शेजारचं दार उघडलं. "येवा वैनीनू. कुडाळाक जावया?"

मी बसले. हाताने गुडघा दाबत त्यांनी पहिला टाकला, मग दुसरा. आता कुणापासून लपवायचं नव्हतं. तोंडाने बारीक आवाज काढत होते, कुठे तिसरा, कुठे पुन्हा दुसरा. एका ठिकाणी म्हशींसाठी थांबले. नेरूरच्या पुलावर काच खाली केली, म्हणाले खाडीचा वारा लागतो. अंगणात वारा नव्हता, पण मी पदर सावरला. शेवटी न्यूट्रल केली, हँडब्रेक ओढला, लंगडत वळसा घालून माझ्या बाजूला आले आणि दार उघडून म्हणाले, "इला कुडाळ."

मी उतरले, तर पाय अवघडले होते. लांबून आल्यासारखे.