तक्त्याखालची ओळ

लातूरच्या आमच्या कॉलेजात फीच्या खिडकीमागं शेषेराव काका बसायचे. तोंड म्हणजे नुसता फटाका! पैसे पुढं केले की खेकसायचे, "आधी वाच, मग पैसे." फीचा तक्ता प्रत्येकाला मोठ्यानं वाचायला लावायचे. शिकवणी फी, जिमखाना, प्रयोगशाळा अनामत, सगळं. रांग वैतागायची, काकांना काही फिकीर नव्हती.

भूकंपानंतरच्या जूनमध्ये, चौऱ्याण्णव साली, मी बी.एस्सी.ला आले. प्रवेशाचा शेवटचा दिवस. एकूण फी नऊशे साठ, माझ्याकडं पाचशे. आमचं गाव किल्लारीकडचं. घर पडलेलं, आम्ही पत्र्याच्या शेडमध्ये. भूकंपग्रस्तांना सवलत असती असं ऐकलं होतं, पण 'भूकंपवाली पोरगी' म्हणून कुणी हळहळलेलं मला नको होतं बाई! फॉर्मवर लातूरजवळच्या मुरुडच्या मल्लम्मा मावशीचा पत्ता ठोकून दिला. उरलेले पैसे नंतर देते, असं म्हणायचं ठरवलं होतं.

काकांनी फॉर्म बघितला, मग टी.सी. बघितली. "सिंधु, शाळा तिकडची अन् पत्ता मुरुडचा?"

"मला भीक नको," मी म्हणाले.

काका उठून उभेच राहिले. "भीक? अगं येडे, हक्क हाय तुझा! तक्त्याखालची ओळ वाच. मोठ्यानं!"

सगळ्या रांगेसमोर मी रडत रडत वाचलं. भूकंपग्रस्तांनी फक्त अनामत भरावी, दोनशे चाळीस. कुणीसुद्धा हळहळलं नाही. मागची एक पोरगी तेवढी म्हणाली, "उरक की गं, दोनला क्लास हाय माझा." मला रडता रडता हसूच आलं.

काकांनी पत्ता खोडून माझं गाव लिहायला लावलं. तलाठ्याचा दाखला आणायला आठ दिवस दिले. "पावती जपून ठेव. अनामत परत मिळती."

तीन वर्षांनी ती परत घ्यायला गेले, तेव्हा विचारलं, "काका, एवढं वाचायला का लावता हो?"

"मी बी इथंच आलतो शिकायला. एकूण आकडा बघितला अन् माघारी गावाकडं, कंधारची एसटी धरली. खाली सवलतीची ओळ होती. ती वाचली दहा वर्षांनी, इथं शिपाई म्हणून लागल्यावर."

तेवढ्यात एक नवी पोरगी तक्त्यासमोर थबकली अन् माघारी वळायला लागली. काकांच्या आधी मीच तिचा हात धरला.

"पार खालपर्यंत वाच गं," मी म्हणाले.