सात फुटी पन्हा

माझ्या थोरल्या भावाला, म्हणजे अण्णाला, गादीवरून उठायचं होतं. आमच्या घरात असं नुसतं बोलणंसुद्धा देव्हाऱ्यात चपला घालून शिरण्यासारखं होतं. हुबळीच्या बाजारात आमचं कापडाचं दुकान. पणजोबा मिरजेकडून गाठोडं पाठीवर घेऊन आले, तेव्हापासून थोरल्या मुलानं पांढऱ्या गादीवर मांडी घालायची आणि ती शेवटपर्यंत मोडायची नाही, असा रिवाज. अण्णा अठराव्या वर्षी बसला. चाळिशी आली तरी गिऱ्हाईक दारात दिसलं की त्याच्या कपाळाला आठी पडायची, आणि गिऱ्हाइकालाही ती दिसायची.

त्याचा सगळा जीव गावाबाहेर, कलघटगीच्या आमच्या आमराईत. कलमं त्यानं स्वतःच्या हातानं लावलेली. पण पावसाळा सरला की झाडांच्या ओळींमधून कमरेएवढं गवत माजायचं, उन्हाळ्यात वाळायचं आणि कुणाच्या तरी विडीनं पेट घ्यायचं. आदल्या वर्षी कलमांची एक अख्खी ओळ जळाली, तेव्हा अण्णा दोन दिवस जेवला नव्हता.

अप्पांनी, आमच्या वडिलांनी, शेवटी अट घातली. "दिवाळीच्या आत सगळं गवत कापून दाखव. जमलं तर तू खुशाल तिकडं राहा, गादी मी सांभाळतो. नाही जमलं तर जमीन खंडानं देतो, आणि परत उठायची भाषा काढायची नाही. आयतु?"

"आयतु," अण्णा म्हणाला. कबूल. आमच्या घरात माया मराठीत चालायची आणि करारमदार कानडीत.

सुगीच्या दिवसांत गवताला माणसं मिळत नाहीत, हे अप्पांना पक्कं ठाऊक होतं. उगाच का बाजारात टिकले होते!

अण्णाकडे एक ट्रॅक्टर होता. म्हणजे तो ट्रॅक्टर म्हणायचा म्हणून आपणही म्हणायचं. माझ्या जन्माच्या आसपास बोटीनं आलेला, करड्या रंगाचा, एवढासा. पेट्रोलवर सुरू व्हायचा, तापला की रॉकेलवर चालायचा, आणि दोन्हींचा वास अण्णाच्या शर्टाला यायचा. अवजार उचलून धरायला त्याला मागे हात नव्हते. त्यामुळे गवत कापायचं यंत्रही स्वतःच्या चाकांवर मागून ओढत नेता येईल असंच हवं. खाली आडवी पाती गरगर फिरणार, आणि ती फिरवणार ट्रॅक्टरच्या मागचा फिरता दांडा.

असं यंत्र एका फार्मच्या लिलावात निघालं. एक नाही, दोन निघाली. एक पाच फूट रुंद कापणारं, एक सात फूट.

मी तेव्हा विद्यानगरमधल्या एका कॉलेजात फिजिक्स शिकवायचे. तोंडाळ म्हणून प्रसिद्ध होते, आणि लग्न लांबलं होतं ते त्याच्यामुळेच, असं सगळ्या आत्यांचं एकमत होतं. मी एका उत्तरपत्रिकेच्या कोऱ्या पाठीवर हिशेब मांडला. इंजिनाची ताकद एवढी, त्यातली मागच्या दांड्यापर्यंत पोचणार एवढी, ओल्या गवताला लागणार एवढी. "अण्णा, पाच फुटी घे. तेसुद्धा रडतखडत चालेल."

अण्णानं कागद उलटा करून त्या पोराचे मार्क वाचले आणि म्हणाला, "तू फळ्यावर शिकव गं बाई."

आणि सात फुटी घेऊन आला! का? तर किमतीच्या एवढ्याशा फरकात दोन फूट जास्त मिळतात, आणि फेऱ्या कमी लागतात. पन्हा मोठा तर जोड कमी. बावीस वर्षं ज्यानं गिऱ्हाइकाला मोठ्या पन्ह्याची चादर गळ्यात मारली, त्यानं यंत्रही पन्हा बघूनच घेतलं. दुकान नको नको म्हणणारा हा माणूस, लिलावात उभा राहिला तो शंभर टक्के कापडवाला. मी इतकी हसले की त्यानं चार दिवस बोलणं टाकलं.

पहिल्या रविवारी मी मुद्दाम बसनं कलघटगीला गेले. तमाशा चुकवायची माझी इच्छा नव्हती. अण्णानं हँडल मारलं, धूर निघाला, पाती घरघरली. गवतात शिरल्यावर दहा पावलांत ट्रॅक्टर खोकला आणि बंद. परत हँडल. परत दहा पावलं. अण्णा त्याला कानडीत शिव्या देत होता, मी बांधावर बसून दाणे खात मोजत होते. सतराव्यांदा बंद पडल्यावर तो खाली उतरला आणि चाकाला टेकून मटकन बसला.

"दिवाळीला तीन आठवडे राहिले," तो म्हणाला. एवढंच. त्याचा चेहरा बघितला आणि मी दाण्यांची पुडी मिटून ठेवली. मला खरंच वाईट वाटलं. हसणं बास झालं असं मी स्वतःला बजावलं.

सात फुटाचे पाच फूट होणार नव्हते. पण सातही फूट गवतात घालायची जबरदस्ती कुठं होती? मी म्हटलं, "अण्णा, अर्ध्या पन्ह्यानं काप. निम्मं यंत्र कापलेल्या भागावर ठेव, निम्मंच गवतात. गिअर सगळ्यात खालचा."

तो टकामका बघत राहिला. मग म्हणाला, "हे आधी असं का नाही सांगितलंस? कागदावर काहीतरी किडेमकोडे काढलेस!"

ट्रॅक्टर चालला. कासवासारखा, पण चालला. पुढच्या रविवारपर्यंत निम्मी आमराई मोकळी झाली, आणि अण्णाला इतका चेव आला की त्यानं अप्पांना बघायला बोलावलं. तिथं घोटाळा झाला.

अप्पा आले ते दुकानातल्याच थाटात. पांढरंशुभ्र धोतर, खांद्यावर जरीकाठी उपरणं. ओळीच्या टोकाला त्यांच्यासाठी खुर्ची मांडली होती. अण्णा ऐटीत त्यांच्या दिशेनं आला. खुर्ची पंधरा फुटांवर आल्यावर त्यानं थांबायला क्लच दाबला. ट्रॅक्टर थांबला नाही.

त्याचं असं होतं. सायकलवर आपण पाय थांबवले तरी चाक फिरत राहतं आणि पायडल गप्प बसतं. या जुन्या ट्रॅक्टरला तशी सोय नव्हती. क्लच दाबला की इंजिन सुटायचं, पण वेगात आलेली मणभर पाती मागून दांडा फिरवत राहायची, दांडा गिअर फिरवायचा आणि गिअर चाकं. एरवी समोर मोकळं रान असल्यानं अण्णाला ते कधी जाणवलंच नव्हतं. आता यंत्रच ट्रॅक्टरला ढकलत होतं, आणि समोर आमचे अप्पा.

"निल्ल ले! निल्ल!" अण्णा ट्रॅक्टरला थांब थांब म्हणून ओरडला. अप्पांना वाटलं, मुलगा आपल्यालाच अरेतुरे करतोय. ते रागानं उठून उभे राहिले, म्हणून वाचले. मग त्यांनी जशी उडी मारली, तशी मी तरी सत्तरीच्या माणसाची पुन्हा बघितली नाही. खुर्चीचा चुराडा झाला, उपरणं पात्यांत गेलं, आणि त्यानंतर ट्रॅक्टर शांतपणे थांबला.

अण्णा पांढराफटक. मला वाटलं, संपलं, आता जन्मभर गादी. अप्पा वाकले. उपरण्याची एक चिंधी उचलली, उजेडात धरली, कडेवरून बोट फिरवलं.

"कापतं बरं की," ते म्हणाले. "कड ओढलेली नाही."

अण्णा लगेच हुबळीला कमरीपेठेतल्या लेथवाल्या मिस्त्रीकडे पळाला. मिस्त्री दोन दिवसांत दांड्यात बसवायचा एक दातेरी जोड बनवून देतो म्हणाला; इंजिन पात्यांना फिरवेल, पण पाती उलट गिअरला फिरवू शकणार नाहीत. इकडे अप्पांचा राग निवावा म्हणून मी त्यांना सगळं यंत्र समजावून सांगत बसले, आणि तेही त्यांच्याच भाषेत. पन्हा किती, कापायचा किती, कुठं दुमडून परत फिरायचं. अप्पा हूं हूं करत ऐकत होते. मधेच त्यांनी विचारलं, "आणि वळताना?" मी तेही सांगितलं. मला माझ्या हुशारीचं मोठं कौतुक वाटत होतं. मेली माझी जीभ!

जोड बसला. दिवाळीला पाच दिवस असताना शेवटची ओळ राहिली. अप्पा पुन्हा आले, या वेळी उपरण्याशिवाय. म्हणाले, "ही मी कापू का?"

धोतराचा काचा मारून ते चढले. अण्णा बाजूनं पळत होता, "अप्पा, क्लच! अप्पा, गिअर!" पण त्यांना काही सांगायची गरजच नव्हती. अर्ध्या पन्ह्यानं, एक सरळ रेघ. टोकाला गेले, वळले, परत आले. ओळ संपली, तरी ते आधी कापलेल्या ओळीत शिरले आणि तिथंही एक फेरी मारून आले. घामानं निथळत होते. असे हसताना मी त्यांना दुकानात कधीच बघितलं नव्हतं.

उतरल्यावर ते म्हणाले, "अट जिंकलास. आमराई तुझी."

अण्णाचे डोळे भरले. तो पाया पडायला वाकला, तर अप्पांनी त्याला दंडाला धरून थांबवलं. खाली बघतच म्हणाले, "पण एक हंगाम मला राहू दे की रे इथं. पन्नास वर्षं बसलो त्या गादीवर. मलाही कधी आवडली नाही ती. माझ्या अप्पांना विचारायचा धीरच झाला नाही मला."

मला वाटलं, अण्णानं आता भांडावं. शब्द दिलाय तुम्ही, असं ओरडून सांगावं. मी त्याच्या जागी असते तर आमराई डोक्यावर घेतली असती. त्यानं चालू करायचं हँडल उचललं, धोतराला डाग पडू नये म्हणून आपल्या शर्टाला पुसलं आणि अप्पांच्या हातात दिलं.

त्या एका हंगामाची नऊ वर्षं झाली. मी दर रविवारी कलघटगीला जायचे, आणि सोमवारी कॉलेज सुटलं की दुकानात. पहिल्या सोमवारी गेले तेव्हा अण्णा गादीवर होता, मांडी घालून, समोर गर्दी. मला बघून त्यानं विचारलं, "अप्पा कसे आहेत?"

"सुखात आहेत रे," मी म्हणाले.

"बरं झालं," तो म्हणाला. कपाळावरची आठी त्यानं हातानं पुसावी तशी पुसली आणि दारातल्या बाईला म्हणाला, "या अक्का, बसा. काय दाखवू?"