चौथ्या प्रश्नाचे दोन गुण

आमच्या शाळेत संगणक शिकवणाऱ्या बाई मुळात गणिताच्या. एकवीस वर्षं त्यांनी गणितच शिकवलं. मग संगणकाचे सर एका कंपनीत निघून गेले, तशी मुख्याध्यापिकांनी यांना बोलावून घेतलं. "संगणक म्हणजे शेवटी आकडेमोडच की हो," त्या म्हणाल्या, आणि विषय बाईंच्या गळ्यात पडला. तेव्हा त्यांचं वय एकोणपन्नास. लेक दुसऱ्या गावी प्रोग्रॅम लिहिण्याचीच नोकरी करते. सुट्टीभर रोज संध्याकाळी तिला फोन लावून बाई जावा ही प्रोग्रॅम लिहायची भाषा शिकल्या. "आई, ओळीच्या शेवटी सेमीकोलन! किती वेळा सांगू?" असं लेक ओरडायची. बाई दुसऱ्या दिवशी मला सांगायच्या, "आयुष्यभर पोरांना ओरडले, आता व्याजासकट परत येतंय."

मी भाषा शिकवायचे. शिक्षकांच्या खोलीत आमच्या खुर्च्या शेजारी शेजारी होत्या, म्हणून मला हे सगळं ठाऊक.

सात वर्षं त्यांनी सकाळी गणित आणि दुपारी जावा शिकवली. संगणकाच्या खोलीत वीस मशीन, त्यांतली चालणारी अकरा. एका मशीनसमोर तिघं बसायची, एक टाइप करी, एक सांगे, तिसरा खिडकीबाहेर बघे. एवढ्या मशीनवर एकशे अठरा मुलांची परीक्षा घेणं शक्यच नव्हतं, म्हणून चाचणी कागदावर व्हायची. प्रोग्रॅम छापून द्यायचा आणि विचारायचं, हा चालवला तर पडद्यावर काय दिसेल? मशीनचं काम पोरांनी डोक्यात करायचं. त्यासाठी बाईंनी स्वतःची एक रीत बसवली होती. प्रोग्रॅममध्ये आकडे ठेवायला जेवढी नावं, तेवढे डबे कागदावर काढायचे, आणि एकेक ओळ वाचत डब्यातला आकडा खोडून नवा लिहायचा. मुलं त्यांना पाठीमागे 'डबेबाई' म्हणत. बाईंना ते माहीत होतं. "नावं ठेवायचीच तर निदान उपयोगी वस्तूची ठेवलीत," असं त्या वर्गातच म्हणाल्या होत्या.

ही गोष्ट मी निवृत्त होण्याच्या आदल्या वर्षीची. बाईंची तेव्हा दोन वर्षं उरली होती. त्या थकलेल्या दिसायच्या. जिना चढून आल्या की टेबलाखाली चपला काढून पाच मिनिटं नुसत्या बसायच्या, कुणी बोललं तरी "हं" एवढंच. दुसऱ्या चाचणीचे पेपर त्यांनी चार दिवसांत तपासले आणि मला म्हणाल्या, "चौथा प्रश्न मी मुद्दाम अवघड टाकला होता. पण पोरांनी छान सोडवलाय हो. आश्चर्यच."

गुणांची यादी वरच्या कार्यालयात गेली. या यादीला महत्त्व होतं, कारण पंचवीसपैकी नऊ गुण दोन्हींपैकी एकाही चाचणीत ज्याला मिळाले नाहीत, त्याला पुढच्या वर्षी संगणक सोडून दुसरा विषय घ्यावा लागायचा. तशी एकच मुलगी निघाली. तिला सगळे मुंगी म्हणत. अक्षर मुंगीएवढं आणि कामाचा वेगही तसाच. पहिल्या चाचणीला ती तापाने फणफणलेली होती, निम्मा पेपर कोराच राहिला. दुसऱ्या चाचणीत तिला आठ मिळाले. तिच्या घरी मशीन म्हणाल तर आईचं शिवणाचं. तरी मधल्या सुट्टीत ही पोर कुठल्याशा जुन्या पुस्तकातले प्रोग्रॅम कागदावर उतरवून त्यांचे डबे भरत बसलेली मी स्वतः पाहिली आहे.

पेपर वर्गात दाखवून परत गोळा केले त्या दिवशी, शाळा सुटल्यावर, मी संगणकाच्या खोलीत माझी प्रश्नपत्रिका टाइप करत होते. बाई मशीन बंद करत फिरत होत्या. मुंगी दारात आली.

"बाई, चौथ्यात माझं काय चुकलं ते सांगाल? गुणांसाठी नाही विचारत."

"अगं, विचार की गुणांसाठी. सगळे त्यासाठीच येतात."

"नाही, मला कळलंच नाही. साडेतीन कुठून आले?"

बाईंनी खडू घेतला. कंबरेवर एक हात ठेवून फळ्यावर तीन डबे काढले. "हे बघ. पहिला डबा पूर्णांकाचा, त्यात सात. दुसराही पूर्णांकाचा, त्यात दोन. आता पहिल्याला दुसऱ्याने भागायचं. पूर्णांकाला पूर्णांकाने भागलं, की जावा उरलेला तुकडा..."

त्या थांबल्या.

"टाकून देते," मुंगीने वाक्य पुरं केलं. "म्हणजे तीन. आणि तिसरा डबा दशांशाचा, म्हणून तीन पॉइंट शून्य. मी तसंच लिहिलं होतं. पण तुम्ही काट मारलीत ना, म्हणून मग वहीत साडेतीन करून टाकलं."

"वहीतही बदललंस?"

"हो. पेनाने."

बाईंचा हात फळ्यावरच राहिला. सात भागिले दोन, साडेतीन. गणिताच्या तासाला हेच बरोबर. उत्तरसूची लिहिताना त्यांचा हात गणिताचा राहिला होता. जो खड्डा पोरांसाठी खणला, त्यात बाई स्वतःच पडल्या होत्या. आणि 'छान सोडवलाय' ते याचमुळे. पोरंही त्याच खड्ड्यात होती, बाईंच्या सोबतीला.

"तू जा आता," त्या मुंगीला म्हणाल्या. "वहीला हात लावू नकोस. मी सांगते तुला."

पोर गेली. बाई पहिल्या बाकावर बसल्या. "मी तिला समजलेलं पुसायला लावलं हो," त्या मला म्हणाल्या.

मुख्याध्यापिकांकडे आम्ही दोघी गेलो. त्या वाईट बाई नव्हत्या, पण कागदाला भिणाऱ्या होत्या.

"यादी वर गेलीय हो. परत मागवायची तर तुमचा लेखी खुलासा लागणार. तो तुमच्या सेवापुस्तकाला जोडतील."

"जोडू देत."

"अठ्ठावीस वर्षांत एक शेरा नाही तुमच्यावर! दोन वर्षं राहिलीत. आणि कुणासाठी? एका मुलीसाठी. ती दुसरा विषय घेईल, जग बुडतंय का?"

"जग नाही बुडत," बाई म्हणाल्या. "कधीपर्यंत देऊ खुलासा?"

"शनिवार दुपारपर्यंत. नंतर यादी कायम होते. माझं ऐका, दोन दिवस विचार करा."

बाईंचं घर माझ्या वाटेवर. पेपरांचा एक गठ्ठा त्यांनी घेतला, एक मी. जिन्यावर त्या दोनदा थांबल्या. दार त्यांच्या मिस्टरांनी उघडलं. ते पूर्वी बस चालवायचे, गुडघे गेल्यापासून घरीच असत.

"हे काय, परत?"

"परत."

"सगळे?"

"एकशे अठरा."

त्यांनी जेवणाच्या टेबलावरची वर्तमानपत्रं उचलली. चहा ठेवून आले, मग सगळं ऐकून घेतलं. "हे बघ, माझ्या नोकरीत मी एकदा चुकीच्या रस्त्याने बस नेली. कुणी ओरडलं नाही, मीही बोललो नाही. पोचलो शेवटी."

"तुमच्या बसमधून कुणी मधेच उतरलं नव्हतं," बाई म्हणाल्या.

"उतरली होती एक म्हातारी. तिचा थांबा चुकला, दोन मैल चालली असेल." त्यांनी चष्मा लावला. "बरं, दे इकडे एक गठ्ठा. चौथा प्रश्न कुठाय तेवढं दाखव."

आम्ही तिघं बसलो. मला जावा येत नाही आणि त्यांनाही नाही, पण तीन पॉइंट शून्य ओळखायला जावा लागत नाही. असे तेवीस पेपर निघाले. प्रत्येकावर बाईंच्याच लाल पेनाची काट. मुंगीच्या पेपरवर उत्तराशेजारी तिने तीन डबे काढले होते, अगदी बारीक, आणि बाईंची काट त्या डब्यांवरूनच गेली होती.

शुक्रवारी त्यांनी वर्गात सांगितलं. मुंगी त्या दिवशी आली नव्हती, आईबरोबर दवाखान्यात गेली होती. "चौथ्या प्रश्नाचं उत्तर मी चुकीचं धरलं होतं. बरोबर उत्तर तीन पॉइंट शून्य."

मागच्या बाकावरून आवाज आला, "बाई, म्हणजे आपण सगळेच चुकलो!"

"आपण म्हणू नकोस. तेवीस जण बरोबर आहेत."

"पण आमची आणि तुमची चूक एकच आली. म्हणजे आम्ही नीट लक्ष देऊन शिकलो की नाही?"

वर्ग खो खो हसला. बाईही हसल्या, मग म्हणाल्या, "साडेतीनवाल्यांना दिलेले दोन गुण मी काढून घेत नाही. मीच दिले होते. पण सोमवारी तुम्ही सगळे हाच प्रोग्रॅम मशीनवर चालवून दाखवणार आहात. आणि नंतर तोंडी विचारीन."

"त्यापेक्षा गुण काढा, बाई!"

खुलासा लिहायला त्या माझ्याकडे आल्या. मी माझ्या परीने सांभाळून लिहिलं: 'कामाच्या अतिरिक्त भारामुळे व अनवधानाने घडलेल्या किरकोळ त्रुटीमुळे...' बाईंनी वाचलं आणि कागद माझ्यापुढे सरकवला.

"भार आहेच, पण चूक भारामुळे नाही झाली. आणि किरकोळ कुणाला? तिला विचारा."

"अहो, असंच लिहितात. शेरा सौम्य येतो."

"तुम्ही भाषेच्या. साधं लिहून द्या ना."

मग त्यांनी स्वतःच चार ओळी लिहिल्या. चौथ्या प्रश्नाचं उत्तर मी उत्तरसूचीत चुकीचं लिहिलं. तेवीस विद्यार्थ्यांचं उत्तर बरोबर होतं. त्यांचे प्रत्येकी दोन गुण वाढवावेत. चूक माझी आहे. मला त्यात एक अनुस्वारसुद्धा सुधारावा लागला नाही.

शनिवारी दहा वाजता त्यांनी कागद दिला. साडेबाराला सुधारलेली यादी आली. मुंगीच्या नावापुढचे आठ खोडून दहा केले होते. दुसरा कागद बाईंच्या सेवापुस्तकासाठी होता: 'परीक्षाकामी हलगर्जी. यापुढे दक्षता घ्यावी.' बाईंनी तो दोनदा वाचला, सही केली, पेनाचं टोपण लावलं. "हलगर्जी," एवढंच म्हणाल्या. जिना उतरताना कठडा धरून उतरल्या.

मुंगी खाली व्हरांड्यात उभी होती.

"तुझं बरोबर होतं," बाईंनी सांगितलं. "दहा गुण झाले. संगणक राहिला तुझा."

ती हसेल असं मला वाटलं होतं. तिने बाईंकडे नीट पाहिलं आणि विचारलं, "आता हे नक्की ना, बाई? परत नाही ना बदलणार?"

बाईंनी पर्समधून संगणकाच्या खोलीची किल्ली काढली. "माझ्यावर विश्वास ठेवू नकोस. चल, मशीनला विचार."

आम्ही परत जिना चढलो. मुंगीने एका बोटाने, एकेक अक्षर शोधत प्रोग्रॅम टाइप केला. एक ओळ चुकली, ती खोडली, परत लिहिली. पडद्यावर तीन पॉइंट शून्य आलं. तिने ते बराच वेळ पाहिलं. मग साताच्या जागी नऊ घातले. मग अकरा. प्रत्येक वेळी आधी ओठांतल्या ओठांत उत्तर म्हणायची आणि मग बटण दाबायची.

दीड वाजला होता. शिपाई खालून ओरडला, "बाई, फाटक बंद करायचंय!"

"पाच मिनिटं!" बाई ओरडल्या. खांद्यावरची पर्स काढून त्यांनी मांडीवर घेतली आणि शेजारच्या बंद मशीनसमोर बसल्या.

"बाई, दुसऱ्या डब्यात चार घालून बघू?"

"बघ," त्या म्हणाल्या, आणि डोळे मिटून खुर्चीला टेकल्या.