परित्यक्ता नावाचा रकाना

विद्यापीठात स्त्रियांच्या अभ्यासाचं केंद्र निघालं तेव्हा त्याला दोन खोल्या मिळाल्या. एकीत केंद्राच्या प्रमुख, आमच्या मॅडम बसायच्या, दुसरीत मी, टाइपरायटर आणि छापील प्रश्नावल्यांचे गठ्ठे. महिला वर्षाचं वारं होतं. एम. ए. होऊन मी नुकतीच संशोधन सहायक म्हणून लागले होते. ग्रामीण बायकांच्या कामाची आणि संसाराची पाहणी करायची होती, त्यात शिरूर आणि दौंड तालुके माझ्या वाट्याला आले. तेवीस वर्षांची होते. खांद्याला शबनम, पायात कोल्हापुरी आणि आपण काहीतरी फार मोठं करतो आहोत अशी खात्री.

प्रश्नावली पुण्यात बसून केलेली होती. ‘फावल्या वेळात आपण काय करता?’ असा एक प्रश्न होता त्यात. तो वाचला की बायका एकमेकींकडे बघून हसायच्या. मी मात्र दर वेळी गंभीरपणे उत्तराची वाट बघायची.

केंदूरला बौद्ध वस्तीत मला ती भेटली. तिशीची असेल. सातवीपर्यंत शिकलेली, दुसऱ्यांच्या रानात मजुरीला जाणारी. भावाच्या घराला लागून एक खोली होती, तिथं ती आठ वर्षांच्या मुलीला घेऊन राहायची. विहारात सभा झाली की बायकांच्या बाजूनं तीच उभी राहून बोलते, असं तिच्या भावजयीनं मला कौतुकानं सांगितलं. ते खरं वाटावं असंच तिचं बोलणं होतं. इतर बायका म्हणायच्या, “तुमाला काय लिवायचं ते लिवा.” ही मात्र प्रश्न नीट ऐकून घ्यायची, मगच उत्तर द्यायची.

“मालक?” मी विचारलं.

“हाय की. दौंडला. रेल्वेत हाय.”

“मग तुम्ही इथं कशा?”

“निघून आले.”

“त्यांनी घालवून दिलं?”

“न्हाई ओ बाई. तो कशाला घालवील? मला मारायचा, ते मी सोसलं. एक दिस पोरीला पट्ट्यानं मारलं. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याला डबा करून दिला, तो कामावर गेला. मी घर झाडलं, कुलूप लावलं, किल्ली शेजारणीकडं दिली आन् पोरीचा हात धरून एस्टीत बसले. चार वर्सं झाली. दोनदा न्यायला आला व्हता. न्हाई गेले.”

हे सांगताना तिच्या आवाजात रड नव्हती. मी लिहून घेतलं आणि मग वर वैवाहिक स्थितीच्या ओळीकडे आले. चार रकाने होते : अविवाहित, विवाहित, विधवा, परित्यक्ता. नवऱ्याबरोबर राहत असेल तरच ‘विवाहित’वर खूण करायची, अशी सूचना होती. मी ‘परित्यक्ता’वर खूण केली. शेजारी दोन बोटं समास कोरा होता, पेन हातात होतं. तिथं दोन शब्द लिहायला काहीच हरकत नव्हती. पण सूचनेबाहेर काही लिहिण्याची तेव्हा माझी छाती नव्हती.

पुढच्या हिवाळ्यात केंद्राची जाहीर व्याख्यानं ठरली आणि मॅडमनी त्यातलं एक मला दिलं. माझं पहिलंच. मी कागदावर तक्ते मांडून नेले, तर त्या म्हणाल्या, “तक्ते कोण ऐकतं गं? माणसं सांग. ती तुझी केंदूरची केस घे. आणि परित्यक्ता म्हणू नकोस, लोकांना कळत नाही. टाकलेली म्हण.”

मी मान हलवली आणि घरी जाऊन लिहायला बसले. लिहिता लिहिता ते किल्लीचं प्रकरण मला जड वाटायला लागलं. ऐकणाऱ्याला कळवळा यावा असं त्यात काही नव्हतं. ते मी काढलं. त्याऐवजी दौंडच्या रेल्वे चाळीत बंद दारापुढं कडेवर पोर घेऊन उभी असलेली बाई लिहिली. मुलगी घर सोडताना चार वर्षांची होती, हात धरून चालत आली होती, हे मला माहीत होतं. तरी लिहिलं. वाचून मलाच भरून आलं.

आणि एवढं करून मीच तिला पत्र टाकलं. माझं भाषण आहे, तुमच्यावरही बोलणार आहे, जमलं तर या. ती येईल असं वाटलं नव्हतं. पण ती आली. मजुरीचा दिवस मोडून, शिक्रापूरहून एसटी पकडून, भावजयीला आणि मुलीला बरोबर घेऊन. पांढऱ्या पातळाच्या घड्या अजून मोडल्या नव्हत्या. तिघी तिसऱ्या रांगेत बसल्या. मी व्यासपीठावरून हात केला, तशी ती मोकळं हसली.

मी बोलायला लागले. ‘केंदूरची एक टाकलेली बाई, नवरा दौंडला रेल्वेत,’ असं म्हणाले. नाव घेतलं नाही, म्हणजे सगळी काळजी घेतली असं मला वाटत होतं. बंद दारापाशी आले तेव्हा पुढच्या रांगेतल्या एका बाईंनी डोळ्यांना पदर लावला. मी तिसऱ्या रांगेकडे पाहिलं. ती माझ्याकडे बघत नव्हती. मुलीच्या कानाशी वाकून काहीतरी सांगत होती आणि मुलगी जोरजोरानं मान हलवत होती.

शेवटी प्रश्नांच्या चिठ्ठ्या आल्या. अध्यक्षांनी त्या माझ्यापुढं सारल्या. तिसरी चिठ्ठी पेन्सिलीनं लिहिलेली, अक्षर गोल, शाळेतलं : ‘मला कोणी टाकलेले नाही. मी निघून आले. हे सर्वांना सांगा.’

मी ती वाचली, इतर चिठ्ठ्यांच्या खाली घातली आणि वरच्या चिठ्ठीतल्या प्रश्नाला उत्तर दिलं. काय उत्तर दिलं ते आज आठवत नाही. टाळ्या झाल्या. लोक भेटायला आले. मी दारापर्यंत पोचले तेव्हा तिघी फाटकाबाहेर बसथांब्याकडे चालल्या होत्या. हाक मारली असती तर ऐकू गेली असती.

दोन दिवसांनी वर्तमानपत्रात लहानशी बातमी आली. गावासकट, दौंडासकट, टाकलेली या शब्दासकट. मॅडमनी ती कापून फाइलला लावली.

महिनाभरानं मी केंदूरला गेले. ती कांद्याच्या वाफ्यात खुरपत होती. मला बघून उठली नाही. मी बांधावर बसले. भावजय शेजारच्या वाफ्यात होती, तिनंच तोंड उघडलं.

“त्या कागदानं लई घोटाळा केला, बाई. दाजी दौंडात खिशात घालून फिरतोय. आजवर लोक त्यालाच हसायचे, बायको सोडून गेली म्हनून. आता म्हनतो, बघा, मीच टाकली, पुन्याच्या पेपरात आलंय. हितंबी बाया इचारत्यात, मग खरं काय?”

आणि मी म्हणाले, “पेपरवाल्यांनी चुकीचं छापलं, ताई. मी तसं म्हटलं नव्हतं.”

खुरपं थांबलं. ती पहिल्यांदा माझ्याकडे वळली.

“बाई, मी तिथंच बसले व्हते की.”

ती रागावली नव्हती, निदान आवाजात राग नव्हता. खुरप्याची माती झटकत म्हणाली, “चार वर्सं मी ह्या गावात मान वर करून फिरले ती एकाच गोष्टीवर. मी आले. कुनी हाकललं न्हाई. पोरीलाबी तेच सांगितलंय. त्या दिवशी तिथं बसून ती मला इचारती, आय, आपल्याला टाकलंय का? तिला काय सांगू म्या?”

“मी दुरुस्त करते,” मी म्हणाले.

“करा,” ती म्हणाली आणि पुन्हा खुरपायला लागली.

पुण्यात येऊन मी मॅडमना सगळं सांगितलं. चिठ्ठीचंही. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. “तक्ते आता छपाईला गेलेत,” त्या म्हणाल्या. “आणि चूक रकान्याची आहे, तुझी एकटीची नाही.” त्यांना माझं ओझं हलकं करायचं होतं. मी ते हलकं होऊ दिलं, हेही खरंच. वर्तमानपत्राला मी खुलाशाचं पत्र लिहिलं. ते छापून आलं नाही. पुन्हा लिहिलं नाही. पुढच्या पाहणीच्या वेळी मात्र हट्टानं पाचवा रकाना घालून घेतला : स्वतः घर सोडलेली. त्यावर इतक्या खुणा येतील असं आमच्यापैकी कुणालाच वाटलं नव्हतं. दौंडच्या रेल्वे चाळीतसुद्धा आल्या. केंदूरला तिच्याकडे ती प्रश्नावली घेऊन दुसरी सहायक गेली होती. तिनं पाणी दिलं, बसायला घोंगडी टाकली आणि सांगितलं, माझं लिहून झालंय.

महिला दशक संपता संपता ती मला एकदाच दिसली, दौंड स्टेशनवर. मी सोलापूरच्या गाडीची वाट बघत होते. बरोबर मुलगी होती, आईएवढी उंच झालेली, पायाशी पत्र्याची ट्रंक. तिला सोलापूरला वसतिगृहात ठेवायला चालली होती. तिनंच मला ओळखलं.

“बाई, चहा घ्या की,” म्हणाली आणि मी नको म्हणायच्या आत तीन कप सांगितले.

मुलीनं मला विचारलं, “तुम्ही कॉलेजात शिकवता?”

“संशोधन करते,” मी म्हणाले.

“कशावर?”

मी तिच्या आईकडे पाहिलं. ती पदरानं कप धरून चहा निववत होती, आणि माझ्या उत्तराची वाट बघत होती असं मला वाटलं. तुझ्या आईबद्दल मी एकदा भर सभेत खोटं बोलले, एवढं वाक्य बोलायला तिथं पुरेसा वेळ होता. गाडीला अजून पंधरा मिनिटं होती.

“बायकांच्या कामावर,” मी म्हणाले.

मुलगी “हां” म्हणाली आणि फलाटाच्या टोकाला गाडी दिसते का ते बघायला गेली. तिच्या आईनं रिकामे कप उचलून चहावाल्याला दिले. गाडी आल्यावर ट्रंक चढवायला मी हात लावला. त्या दोघी पुढच्या डब्यात गेल्या, मी मागच्या. सोलापूरला उतरून शोधलं तेव्हा गर्दीत त्या दिसल्या नाहीत.